पोटरीतल्या फुगलेल्या शिरा

श्रोतेहो, नमस्कार.

दिवसभर उभ्याने काम करणारे बसवाहक, शिक्षक किंवा केशकर्तनकार संध्याकाळी मोजे काढतात, तेव्हा घोट्याच्या वर इलॅस्टिकचा खोल वण उमटलेला असतो आणि पोटरीवर निळसर, नागमोडी शिरा फुगलेल्या दिसतात. यांनाच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात.

पायातले रक्त हृदयाकडे चढवण्याचे बरेचसे काम पोटरीचे स्नायू करतात; चालताना ते आवळले की शिरांतले रक्त वर ढकलले जाते आणि शिरांच्या आतल्या नाजूक झडपा ते पुन्हा खाली उतरू देत नाहीत. या झडपा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त साचते, घोट्याजवळची कातडी खाजते, काळपट पडते आणि पुढे तेथे जखम चिघळते. अशा जखमेवर वर्षवर्षभर नुसती मलमे लावणारे रुग्ण कमी नाहीत, पण मूळ दुखणे कातडीचे नसतेच.

घट्ट विणीचे दाबमोजे यावर उपयोगी पडतात. ते सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, सूज उतरलेली असतानाच चढवावेत. दुपारी चढवू पाहणारा घामाघूम होतो आणि मोजे कायमचे कपाटात जातात. मात्र ते स्वतःच्या मनाने विकत घेऊ नयेत. चालताना पोटरीत गोळा येऊन थांबताच दुखणे शमत असेल, तर दोष बहुधा शिरेत नसून पायाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत असतो. तंबाखू ओढणाऱ्यांत आणि मधुमेहींत हे विशेष आढळते, आणि अशा पायाला दाबमोजा अपायकारक ठरू शकतो. म्हणून डॉक्टर आधी पावलावरची नाडी चाचपतात व रक्ताचा प्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी करवतात.

बिघडलेली शीर आता लेसरने आतून बंद करता येते. “मग रक्त जाणार कुठून?” असे रुग्ण हमखास विचारतात, आणि प्रश्न रास्तच आहे. पायातले बहुतेक रक्त मुळात खोलवरच्या शिरांतून वाहते, त्यामुळे वरची शीर मिटल्याने अडत नाही.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर खोल शिरेत गुठळी झालेली असू शकते; ती फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते, म्हणून पाय न चोळता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. फुगलेली शीर फुटून रक्ताची धार लागली, तर रुग्णाला आडवे करावे, पाय उंच धरावा आणि स्वच्छ कापडाची घडी त्या जागी किमान दहा मिनिटे घट्ट दाबून ठेवावी. मांडीला दोरी आवळू नये.