त्या वर्गात एक तास बसून या

श्रोतेहो, नमस्कार.

घरातलं मूल तीन वर्षांचं व्हायला आलं की आईबाबांना एकच घोर लागतो, शाळा कुठली? जवळच एखाद्या बंगल्याच्या तळमजल्यावर वीसेक मुलांची छोटीशी मॉन्टेसरी असते. लाकडी साधनं नीट मांडलेली, बाई प्रेमळ. तरी मन निश्चिंत होत नाही. शाळा इतकी लहान, पुढे निभावेल ना? आपल्या पोराला मानवेल ना? गेली बावीस वर्षं मी तीन ते सहा वयाच्या मुलांत वावरते आहे. आणि त्याआधी, आई म्हणून, नेमकी इथेच चुकले आहे.

माझ्या मुलासाठी मी शाळा निवडली ती एका काचेच्या कपाटावर भाळून. कपाटात तो प्रसिद्ध गुलाबी मनोरा होता, दहा लाकडी ठोकळे, सगळ्यात मोठा दहा सेंटिमीटरचा आणि सगळ्यात धाकटा एका सेंटिमीटरचा. मला वाटलं, वा, हीच खरी मॉन्टेसरी! पुढे कळलं, कपाटाला कुलूप असायचं आणि पाहुणे आले की ते उघडायचं. मुलं सकाळभर बाकावर बसून रेघोट्या गिरवायची. तिसऱ्या महिन्यात मुलगा रोज सकाळी म्हणू लागला, "आई, पोटात दुखतंय." दोन डॉक्टर झाले. पोटात काहीच नव्हतं.

म्हणून सांगते, पाटीवर जाऊ नका. मॉन्टेसरी हे नाव कोणाच्या मालकीचं नाही, ते कोणीही लावू शकतं. आणि महागड्या साधनांवरही जाऊ नका. ही पद्धत घडवणाऱ्या मारिया मॉन्टेसरी या डॉक्टर. त्यांनी १९०७ साली रोममध्ये सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं, ते कामावर जाणाऱ्या आईबापांच्या पोरांसाठी. आपल्याकडे बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडकांनी गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं, १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केलं, आणि मग शहर सोडून १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आणि पुढे जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. सोबत त्यांच्या सहकारी अनुताई वाघ. तिथल्या आदिवासी मुलांसाठी परदेशी साधनं कुठून आणणार? त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हाताशी घेतले. लहानमोठं, हलकं-जड, गुळगुळीत-खरखरीत, सगळं त्यातून शिकवता येतं. तेव्हा छोट्या शाळेत साधनं थोडी दिसली तर हिरमुसू नका. ती मुलांच्या हाताला येतील अशा उंचीवर आहेत का, आणि वापरून वापरून झिजली आहेत का, ते पाहा. कोऱ्या करकरीत साधनांची मला उलट काळजी वाटते.

मग पाहायचं काय? बाईंना विचारून वर्गात तासभर बसा. कोपऱ्यात, गप्प. मोबाईल पिशवीत.

मी अशीच एकदा एका छोट्या शाळेत बसले होते. चार वर्षांची एक मुलगी दोन लहान तांब्यांत पाणी ओतत होती, यातलं त्यात, त्यातलं यात. ओतता ओतता पाणी सांडलं. तिने मान वर करून बाईंकडे पाहिलं. बाई दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या, हात मांडीवर. त्या उठल्या नाहीत, "अगं अगं" म्हणाल्या नाहीत, नुसतं शांतपणे पाहिलं. पोरगी उठली, स्पंज घेऊन आली, पुसलं, बादलीत पिळलं, पुन्हा पुसलं. जिथे पाणी नव्हतंच तिथेही पुसलं. मग तांब्या भरून आणला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मला त्या बाईंचे ते मांडीवरचे हात अजून आठवतात. आपल्याला ते जमत नाही हो! आपण धावत जाऊन पुसतो आणि पोराच्या हातातलं काम काढून घेतो.

साधनंही त्याच विचाराने घडवलेली आहेत. दट्ट्यांची लाकडी पेटी घ्या. दहा खाचा, आणि त्यांत नेमके बसणारे, कमीजास्त जाडीचे दहा दट्टे. एक जरी चुकीच्या खाचेत बसवला तरी शेवटी एक दट्टा उरतोच. "चुकलास" म्हणायला बाई लागत नाहीत, मूल स्वतःच थबकतं आणि पुन्हा काढून पाहतं. त्यासाठी वेळ मात्र हवा. दर अर्ध्या तासाने घंटा, नाच, इंग्रजी गाणी असं वेळापत्रक असेल तर तो वेळ मुलाला मिळत नाही.

आता शाळेच्या लहानपणाबद्दल. वीस मुलं असण्यात वाईट काही नाही, पण वयं कोणती आहेत ते विचारा. अडीच-तीनचीच सगळी असतील तर मोठ्यांचं पाहून शिकणं संपलं. पाच वर्षांची मुलं टिकत नसतील तर का सोडून जातात, हेही विचारा. एकच बाई शाळेचा खांब असेल तर त्या आजारी पडल्यावर कोण? त्यांचं प्रशिक्षण किती महिन्यांचं? शी-शू करायला मुलाला कोण नेतं? विचारताना भीड ठेवू नका, चांगल्या बाईंना हे प्रश्न आवडतात. आणि भाषा! घरी मराठी असेल तर बोटाने गिरवायची खरखरीत कागदाची अक्षरं मुलाच्या हाताखाली आधी मराठीतली यावीत, असं माझं ठाम मत आहे. 'आ' म्हटल्यावर त्याला आईच आठवते.

"आमचा फार दंगेखोर आहे, त्याला हे जमायचं नाही," असं पुष्कळ आया म्हणतात. दंगेखोर मुलं अशा वर्गात रमलेली मी कितीतरी पाहिली आहेत, कारण तिथे उठायला, फिरायला, जड वस्तू उचलायला मुभा असते. काही मुलांना मात्र पुष्कळ गाणी, गोष्टी, घोळक्यातला खेळ हवा असतो. त्यांच्यासाठी चांगली बालवाडी अधिक बरी. यात कमीपणा नाही. आणि घर? घरी तुम्ही भरवणार, बूट घालणार आणि शाळेत त्याने स्वतः करायचं, तर पोर गोंधळतं. हे आजी-आजोबांशीही आधी बोलून घ्या.

प्रवेश घेतल्यावर पहिले दोन-तीन आठवडे रडणं येतंच. दारात निरोप थोडक्यात घ्या. पण दीड-दोन महिन्यांनीही रविवारी संध्याकाळपासून चेहरा उतरत असेल, पोट दुखत असेल, तर मी केली तशी वाट पाहत बसू नका. जाऊन बोला, गरज पडली तर शाळा बदला.

मी बदलली. नव्या शाळेत साधनं जुनाट होती, गुलाबी मनोऱ्याचा रंग उडालेला. पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी न्हाणीघरातून नळाचा आवाज आला. जाऊन पाहते तर चिरंजीव पाटावर बसून स्वतःचा रुमाल धूत होते. साबण लावायचा, चोळायचा, खळबळायचा. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आई, तू नको येऊस. माझं काम चाललंय."

नमस्कार.