पासवर्डाला हात लावू नका

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘ई-मेलचं स्थलांतर : पूर्वतयारी ते समारोप’. समारोपापर्यंत आपण पोचू असं वचन देत नाही, कारण वाटेत मला एका वाक्याशी भांडायचं आहे. ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही, कृपया सेटिंग तपासा.’ जुन्या होस्टिंगवरच्या, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवरच्या, मेलपेट्या नव्या जागी न्यायला घेतल्या की तासाभरात हे पडद्यावर हजर. आणि आपला माणूस काय करतो? पासवर्ड पुन्हा टाकतो. मग एकेक अक्षर बघत सावकाश टाकतो. मग शेजारच्या टेबलावरच्याला हाक मारतो, आणि तो येऊन तोच पासवर्ड टाकतो. (हशा)

अहो, पासवर्ड विचारण्याआधी तीन दारं आहेत. सर्व्हरचं नाव डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत, सापडायला हवं, पोर्ट (त्या सेवेची क्रमांकाची खिडकी) उघडं हवं, टीएलएसची, म्हणजे संभाषण कुलूपबंद करण्याची, बोलणी जुळायला हवीत. पासवर्ड चौथ्या दारात. चारही दारांतले बिघाड त्या एका वाक्यात कोंबलेले असतात. म्हणून स्थलांतराच्या साधनाची नोंदवही (लॉग) उघडा आणि मूळ शब्द वाचा. ‘टाइमआउट’ आहे की ‘रिफ्यूज्ड’? दुपारी अडीच वाजता म्हापशाच्या बाजारात गेलात, शटर अर्धं खाली आहे आणि आतून कोणी ओरडलं, ‘चारांक येयात!’ हा रिफ्यूज्ड. यंत्र जिवंत आहे, रस्ता बरोबर आहे, फक्त त्या पोर्टवर सेवा चालू नाही. बहुतेक वेळा पोर्टच चुकलेला असतो. आयमॅप म्हणजे सर्व्हरवरचे मेल वाचायची पद्धत. तिचा कूटबद्ध पोर्ट ९९३, आणि साध्या जोडणीने सुरू होऊन मग स्टार्टटीएलएसने कुलूप लावणारा १४३. ९९३ला स्टार्टटीएलएस निवडलंत तर रिफ्यूज्डही येत नाही, दोन्ही बाजू एकमेकांची वाट बघत बसतात. टाइमआउट म्हणजे हाका मारल्या आणि आतून हूं की चूं नाही. पत्ता चुकलाय, नाहीतर फायरवॉल, म्हणजे सर्व्हरचा दारवान, तुमची पॅकेटं (माहितीचे तुकडे) गुपचूप गिळतोय.

आता माझी खरी तक्रार. तो फायरवॉल बहुतेक वेळा तुमच्यावरच रागावलेला असतो, आणि राग तुम्हीच ओढवून घेतलेला असतो. समजा, बाराजणांचं गेस्ट हाउसचं ऑफिस आहे. स्थलांतरासाठी सगळ्या पेट्यांचे पासवर्ड बदलले. चांगलं केलंत. पण बाराजणांच्या खिशातल्या फोनांना ते कोणी सांगितलं? फोन बिचारे दर काही मिनिटांनी जुना पासवर्ड घेऊन दार ठोठावतात. जुन्या सर्व्हरवर फेलटूबॅनसारखा पहारेकरी असतो. त्याचा मूळचा हिशोब असा : दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की तो आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) दहा मिनिटं बाद. होस्टिंगवाले हा काळ वाढवून ठेवतात. अख्खं ऑफिस एका राउटरमागे, म्हणजे बाहेरून सगळ्यांचा आयपी एकच. फोन चुकतो आणि स्थलांतर अडतं. वर बिघाडाचं नाव बदलतं : चूक पासवर्डाची, पडद्यावर टाइमआउट, कधी रिफ्यूज्ड. मग माणूस इंटरनेटवाल्याला फोन करतो, तो म्हणतो, ‘लाइन क्लिअर आहे, बाब.’ आणि तो खोटं बोलत नाही!

याची परीक्षा एका मिनिटाची. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या. तिथून जोडलं आणि ऑफिसातून नाही, तर तुमचा आयपी बाद झालाय. होस्टिंगवाल्याकडून तो मोकळा करून परवानगीच्या यादीत घालून घ्या. पण आधी सगळ्या फोनांवरची खाती बंद करा, नाहीतर पाऊण तासात पुन्हा तेच.

दुसरा सापळा नावाचा. डोमेनच्या नोंदी नव्या जागी वळवून झाल्या आणि स्थलांतराच्या साधनात ‘जुना सर्व्हर’ म्हणून मेल-डॉट-तुमचं-डोमेनच लिहिलंय. ते नाव आता नव्या सर्व्हरकडे बोट दाखवतं. साधन नव्याकडून नव्याकडेच मेल न्यायला निघालंय! एनएसलुकअप ही आज्ञा देऊन त्या नावाला कोणता आयपी येतो ते बघा. उपाय म्हणजे होस्टिंगच्या यंत्राचं स्वतःचं नाव टाका, ते त्यांच्या स्वागत-मेलमध्ये असतं. नुसता आयपी टाकलात आणि साधन प्रमाणपत्र तपासत असेल, तर तिसऱ्या दारात अडाल, कारण सर्व्हरचं टीएलएस प्रमाणपत्र नावावर असतं. ते कोणाच्या नावावर आहे आणि मुदत कधी संपते हे ओपनएसएसएलच्या एस-क्लायंट या आज्ञेने दिसतं. जुन्या यंत्राला टीएलएस १.०च येत असेल तर नवं साधन बोलायलाच तयार होत नाही. २०२१ साली १.० आणि १.१ अधिकृतपणे निकालात निघालेत.

फोल्डरांबद्दल एक आडवाट. देवनागरी नावं मध्येच ‘&’ आणि अक्षरांचा गोळा होऊन दिसली तर घाबरू नका, आयमॅपची ती जुनी लिपी आहे. पण काही सर्व्हरांवर फोल्डराचा विभाजक टिंब असतो. तिथं ‘व्ही.पी. पत्रे’ हे नाव गेलं की एकात एक तीन फोल्डर उगवतात.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. भराभर.

चौथं दार. पासवर्ड खरोखर बरोबर आहे, तरी नकार? मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२पासून एक्सचेंज ऑनलाइन या मेलसेवेत साध्या पासवर्डाची आयमॅप ओळख बंद करायला घेतली. तिथं ओऑथ लागतं, म्हणजे पासवर्डाऐवजी परवानगीचं टोकन. जीमेलला दोन-टप्पी पडताळणी चालू करून सोळा अक्षरी अ‍ॅप पासवर्ड काढा.

अर्ध्यात तुटतंय? मर्यादा बघा. जीमेल एका खात्याला एकाच वेळी १५ जोडण्या देतं आणि आयमॅपने दिवसाला २५०० एमबी उतरवू देतं, म्हणजे २० जीबीच्या पेटीला किमान आठ दिवस. चढवायची मर्यादा ५०० एमबी, तिथं चाळीस दिवस. म्हणून गूगल वर्कस्पेसमध्ये भरताना आयमॅपने ढकलू नका, प्रशासक-पानावरचं डेटा मायग्रेशन वापरा. डवकॉट या मेल-सर्व्हरच्या सॉफ्टवेअरवर एका आयपीवरून एका खात्याला मूळच्या दहाच जोडण्या. एकाच वेळी चालणाऱ्या जोडण्या कमी करा.

क्रम असा. दोन दिवस आधी डीएनएस-नोंदींचा टीटीएल, म्हणजे इतरांनी ती नोंद किती सेकंद जपून ठेवायची तो आकडा, १४४००वरून ३००वर आणा. इमॅपसिंक, म्हणजे एका पेटीतून दुसरीत मेल नेणारं साधन, आधी ‘जस्टलॉगिन’ देऊन चालवा, त्यात चारही दारं तपासली जातात. मग पूर्ण प्रत. मग शुक्रवारी संध्याकाळी एमएक्स, म्हणजे डोमेनचे मेल कुठे पोचवायचे ती नोंद, बदला, आणि पुढचे दोन-तीन दिवस इमॅपसिंक पुन्हा चालवा, फरक तेवढाच येईल. पत्ते आणि कॅलेंडर आयमॅपने येत नाहीत, ते वेगळे काढा. जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका.

आणि सीपॅनेलवर (होस्टिंगच्या नियंत्रण-पानाच्या यंत्रणेवर) संकेतस्थळ तिथंच राहणार असेल तर ‘ई-मेल राउटिंग’मध्ये जाऊन ‘रिमोट मेल एक्स्चेंजर’ निवडा. नाहीतर बुकिंगच्या फॉर्मचे मेल जुन्याच पेटीत पडत राहतात, आणि तिथं कसलीच एरर येत नाही. प्रश्न असतील तर बाहेर चहापाशी या.