बल्ब जात नाही, होल्डर जातो

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं भाषण, थोडी काटछाट करून)

मंडळी, विषय बोर्डावर लिहिलाय, 'किनारपट्टीला टिकेल असा बल्बचा होल्डर कसा असावा'. हसताय ते दिसतंय मला. हाच विषय 'बांगड्याचं तिखलं' असता तर खुर्च्यांवरून भांडणं झाली असती. पण माझं एकच म्हणणं आहे आणि दुकानात बसून गेली कित्येक वर्षं मी ते येईल त्याला ऐकवतोय, की आपण शिव्या बल्बला घालतो आणि गुन्हेगार असतो होल्डर.

आता खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणांच्या पडवीत एक काठी आहे जी फक्त बल्ब ठोकायला ठेवलीय? बघा, हात वर येतायत. ऐन आरतीत बल्ब फडफडतो, कोणतरी काका ओरडतात "हाण तेका एक!", पोरगं काठीने टक् करतं, "पेटलो पेटलो!" आणि आरती पुढे चालू. ह्याला आपण दुरुस्ती म्हणतो. वहिनी, तुम्ही मान डोलवताय, तुमच्याकडची काठी तर मी स्वतः बघितलीय, वरचं टोक काळं पडलंय.

आता माझं खरं दुखणं. एका गावातल्या सभागृहाचं सुशोभीकरण झालं, गावाचं नाव घेत नाही, इथे पाहुणे बसलेत. पिनचे जुने होल्डर काढून टाकले आणि आट्यांचे लटकते दिवे लावले, हॉटेलात असतात तसे, पितळी, दिसायला एकदम झकास. समुद्र तिथून दगड मारला तर पोचेल एवढा. पहिला पावसाळा गेला आणि दिवे लुकलुकायला लागले. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस यायचा, बल्ब बदलायचा, बिल लावायचा. परत लुकलुक, परत बल्ब, परत बिल. असं वर्षभर चाललं तेव्हा सरपंचांनी मला बोलावलं.

मी शिडीवर चढलो, आधी टेस्टर लावला होल्डरच्या आट्यांना, तर टेस्टर पेटला! म्हणजे फेज आट्यांना जोडलेला. नियम असा की आट्यांना न्यूट्रल आणि तळातल्या पत्तीला फेज, म्हणजे बल्ब फिरवताना चुकून आट्यांना बोट लागलं तरी माणूस वाचतो. इथे उलटं. खाली येऊन मेन बंद केला, मग बल्ब फिरवायला गेलो तर काचच हातात आली आणि टोपी होल्डरातच. का? बल्बची टोपी ॲल्युमिनियमची, होल्डर पितळेचा आणि मधे खारी दमट हवा. दोन वेगळे धातू आणि मिठाचं पाणी एकत्र आलं की त्याची बॅटरीच होते, आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. पांढरी भुकटी धरते, आटे एकमेकांत रुतून बसतात. नोज प्लायरने तुकडे तुकडे करून काढली ती टोपी. आत बघतो तर तळातली पत्ती दाबून दाबून सपाट झालेली, कारण लुकलुकलं की प्रत्येक जण बल्ब अजून आवळत होता. सपाट झालेली पत्ती परत वर येत नाही, मग काय टेकणार आणि कुठे? हे मी सगळं सभेत सांगितलं तर एक जण म्हणाला, "पण दिवे दिसतत बरे." काय बोलणार!

(इथे एक चिठ्ठी आली. अध्यक्ष म्हणतायत दहा मिनिटं, खाली देवळात दशावतार सुरू व्हायचाय, संकासुर तयार होऊन बसलाय. बरं. पळतो.)

तर मुद्दा. बल्ब धरून ठेवणं हे एक काम आणि करंट देणं हे दुसरं. ही दोन्ही कामं एकाच भागावर टाकली की बोंब. आट्यांच्या होल्डरात, ज्याला ई-२७ म्हणतात म्हणजे २७ मिलिमीटरचा, बल्ब धरतात आटेच आणि एका बाजूचा करंटही आट्यांतूनच. आटे सैल झाले की दोन्ही गेलं. आपला पिनचा होल्डर, बी-२२, त्यात पिना खाचेत अडकून वजन घेतात आणि करंट दोन प्लंजरमधून, म्हणजे स्प्रिंगने ढकललेल्या दोन खिळ्यांतून येतो, टोपीचा पत्रा गंजला तरी करंटचा त्याच्याशी संबंध नाही. धक्क्याने आटे सुटतात, खाचेतली पिन सुटत नाही, म्हणून तर गाड्यांना पिनेचे बल्ब असायचे. पण तिथेही एक गोची, गाडीच्या टेल लाईटमध्ये टोपी हीच अर्थिंग, म्हणजे करंट परत जायची वाट, मग खाऱ्या हवेत टोपी गंजली की लाईट मंद. ट्रॉलरवाल्यांना विचारा. माझंच म्हणणं परत सिद्ध झालं, मान्य करा.

पण पिनच्या होल्डरचंही दुखणं आहे, ते स्प्रिंगमध्ये. संपर्क जरा ढिला झाला की तिथे रोध वाढतो, ठिणगी उडते, जागा तापते, तापली की स्प्रिंगचा ताठा जातो, मग संपर्क अजून ढिला. चक्र सुरू. तुमची काठी ह्या चक्राला एक दिवस पुढे ढकलते, बाकी काही नाही. एलईडीला तर ढिल्या संपर्कातलं असं सारखं चालू-बंद सोसत नाही, आतला ड्रायव्हर, म्हणजे करंट जुळवून देणारं सर्किट, आधी मरतो, आणि तुम्ही माझ्याकडे येऊन म्हणता कंपनी फालतू आहे.

म्हणून, भराभर सांगतो, लिहून घ्या. ढकलणारी स्प्रिंग स्टेनलेसची घ्या आणि करंटची पत्ती वेगळी, फॉस्फर ब्राँझची, कारण साध्या पितळापेक्षा तिचा ताण जास्त टिकतो. खाच धातूची नको, चिनीमातीची किंवा चांगल्या बेकेलाइटची. स्वस्त प्लास्टिक उन्हात ठिसूळ होतं, बल्ब फिरवला की खाच तुटते. लटकत्या होल्डरात वायरला आतून गाठ मारा म्हणजे वजन गाठीवर येतं, स्क्रूवर नाही. हे इथले बरेच वायरमन विसरतात, दोघं समोरच बसलेत. आणि पडवीत पाऊस येतो म्हणून होल्डर सगळ्या बाजूंनी सिलिकॉन लावून बंद करू नका, हवा आत कोंडते, रात्री गार झाली की पाणी सुटतं आणि ते बरोबर पत्तीवर बसतं. वरून झाकण द्या, आणि तळाला छोटं भोक ठेवा. तळाला म्हणतोय, एकाने वर पाडलं होतं.