डासांवर डास

झाडांच्या शेंड्यांवरून खाली येणारं हे कागदी डबडं नीट बघा. यात सुमारे 1,000 डास आहेत. मुद्दाम सोडलेले. जागा हवाई बेटांमधल्या माउईची, हालेआकाला ज्वालामुखीचा उतार.

दचकू नका, सगळे नर आहेत. नर चावत नाही, फुलांच्या रसावर भागवतो.

आणि हा इईवी. लालभडक अंग, बाकदार चोच. ओहिआ झाडाच्या लाल तुऱ्यात शिरला की फूल कुठलं नि पाखरू कुठलं, कळत नाही. मलेरियाचा डास एकदाच चावला, तरी प्रयोगात 10 पैकी 9 इईवी दगावले.

या बेटांवर मुळात डासच नव्हते. 1826 च्या सुमारास जहाजावरच्या पाण्याच्या पिंपांतून ते माउईच्या लाहायना बंदरात उतरले, असं मानतात. जात क्युलेक्स. आपल्या गटारातला, हत्तीरोग पसरवणारा, तोच हा. पाखरांचा मलेरिया माणसाला होत नाही, एवढंच.

थंडीत मलेरियाचा परजीवी वाढत नाही, म्हणून पाखरं उंचावरच्या रानात टिकली. आता तिथलीही हवा तापतेय, डास वर चढतोय. हे खोड बघा, वृक्षनेच्याचं. रानडुकरानं गाभा खाल्ला, द्रोणी झाली, पाऊस साचला. आत वळवळताहेत त्या अळ्या. अशा द्रोण्या साऱ्या डोंगरभर. फवारणी करा म्हणणाऱ्यांनी एकदा इथं चढून यावं.

म्हणून हे नर. वोल्बाकिया हा जिवाणू डासांत असतोच; यांच्यात त्याचा वेगळा प्रकार घातलाय. रानातली मादी यांच्याशी जुळली की अंडी घालते, पण ती उबत नाहीत. जनुकांना हात लावलेला नाही, हे पुन्हा सांगतो, कारण पहिली शंका तीच येते. रानातल्या नरांपेक्षा हे कितीतरी जास्त हवेत, नाहीतर मादी त्यांच्याच वाट्याला जाते. म्हणून नोव्हेंबर 2023 पासून हेलिकॉप्टरच्या फेऱ्या चालू आहेत, 2025 पासून ड्रोनच्याही.

इईवीच्या कुळातल्या पन्नासहून जास्त जातींपैकी 17 उरल्या. 2019 मध्ये नव्या रानात सोडलेल्या याच कुळातल्या 14 किविकिउ पाखरांपैकी बहुतेक मलेरियानं गेले. काउआई बेटावरचा त्यांचाच भाऊबंद अकिकिकी रानातून जवळपास संपलाय.

डबडं उघडलंय. इथून पुढे निवेदन नाही. तेल न घातलेल्या रहाटासारखी ती कुरकुर ऐकू येतेय ना, ती इईवीची.