मृत्यू आणि शेवटचा दिवस यांच्या मधला काळ

श्रोतेहो, मृत्यूनंतर आत्म्याचे काय होते, असे ख्रिस्ती माणसाला विचारले तर बहुधा एका वाक्यात उत्तर मिळते: देवाशी जोडलेला असेल तर तो स्वर्गात जातो, देवाला नाकारून गेला असेल तर नरकात. हे उत्तर अर्धेच आहे. जगभरच्या बहुसंख्य चर्चेसमध्ये आजही म्हटला जाणारा जो निकियाचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची जाहीर कबुली, ज्याचे प्रचलित रूप इसवी सन 381 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडले जाते, त्यात आत्म्याच्या अमरत्वाचा उल्लेखसुद्धा नाही. मृतांच्या पुनरुत्थानाची आणि येणाऱ्या युगातील जीवनाची आम्ही वाट पाहतो, अशा अर्थाच्या शब्दांनी तो संपतो. वाट पाहायची आहे ती देहासह उठण्याची. शरीर म्हणजे जीर्ण वस्त्र, ते टाकून दिले की आत्मा मोकळा झाला, ही कल्पना ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या मुख्य प्रवाहाला कधीच मानवलेली नाही. तेराव्या शतकातील थोर धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस याने करिंथकरांस पहिल्या पत्रावर भाष्य करताना तर स्पष्टच लिहून ठेवले की, माझा आत्मा म्हणजे मी नव्हे. तेव्हा केवळ आत्म्याचे तारण झाले तर माझे तारण झाले असे म्हणता येणार नाही.

इथूनच खरी अडचण सुरू होते. माणूस आज मरतो आणि पुनरुत्थान तर शेवटच्या दिवशी व्हायचे आहे. मग मधल्या काळात तो असतो कुठे आणि कोणत्या अवस्थेत? माझ्या समजुतीप्रमाणे या विषयावर ख्रिस्ती पंथांमध्ये दोन हजार वर्षे जे वाद झाले, त्यांतले बहुतेक या मधल्या काळाबद्दलचे आहेत. शेवटाबद्दल त्यांच्यात बरेच एकमत आहे.

पवित्र शास्त्रातही या प्रश्नाचे एकच सरळ उत्तर मिळत नाही. मृतांचा विषय आला की जुन्या करारातील बराचसा भाग अधोलोकाबद्दल बोलतो; तिथे चांगले-वाईट सगळेच जातात, आणि सहाव्या स्तोत्राचा कर्ता तर देवाला विनवतो की, मृतावस्थेत तुझे स्मरण कोणालाही राहत नाही. मृतांना काहीच कळत नाही, असे उपदेशकाच्या पुस्तकात म्हटले आहे. भूमीतील मातीत निजलेले जागे होतील, काही सार्वकालिक जीवनासाठी तर काही अप्रतिष्ठेसाठी, ही स्पष्ट आशा दानीएलाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात येते. येशूच्या काळी यहुद्यांमध्येच यावर फूट होती: परुशी पुनरुत्थान मानत, सदूकी मानत नसत.

नव्या करारात दोन सूर शेजारी शेजारी ऐकू येतात. वधस्तंभावर शेजारी खिळलेल्या अपराध्याला येशू म्हणतो, तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील. श्रीमंत माणूस आणि लाजर यांच्या दाखल्यात दोघांचीही गती मरणानंतर लगेच ठरते आणि त्यांच्यामध्ये ओलांडता न येणारी मोठी दरी असते. प्रेषित पौल फिलिप्पैकरांना लिहितो की, येथून सुटून जाऊन ख्रिस्ताजवळ असावे अशी मला उत्कंठा आहे. पण हाच पौल थेस्सलनीकाकरांना लिहिताना मेलेल्यांना झोपी गेलेले म्हणतो आणि त्यांची सारी आशा प्रभूच्या पुनरागमनाशी बांधतो. पहिल्या सुराने पाहिले तर मृत माणूस आत्ताच देवाजवळ आहे. दुसऱ्याने पाहिले तर तो विश्रांती घेत आहे. इब्री लोकांस पत्रात एक गोष्ट मात्र ठाम आहे: माणसाला एकदाच मरणे व त्यानंतर न्याय नेमून ठेवला आहे. पुनर्जन्माला वाव राहत नाही, तो यामुळे.

हे दोन सूर जुळवणे किती अवघड आहे, हे चौदाव्या शतकात एका पोपलाच अनुभवावे लागले. पोपचे आसन तेव्हा फ्रान्समधील आव्हिन्यों येथे होते. तेथे 1331 मध्ये सर्व संतांच्या सणाच्या दिवशी बाविसावा जॉन प्रवचनाला उभा राहिला आणि म्हणाला की, संतांचे आत्मे आज ख्रिस्ताच्या मानवी रूपाच्या सान्निध्यात विसावलेले आहेत. देवाचे साक्षात दर्शन मात्र त्यांना शेवटच्या न्यायानंतरच होईल. प्रकटीकरणाच्या पुस्तकात हुतात्म्यांचे आत्मे वेदीखाली विसावून वाट पाहताना दिसतात, त्याचा त्याने आधार घेतला होता. विचार पौलाच्या दुसऱ्या सुराशी जुळणारा होता, पण एकच गदारोळ उठला. संत अजून देवासमोर पोहोचलेच नसतील तर त्यांच्याकडे मध्यस्थीची विनंती करायची ती कशाच्या बळावर? पॅरिसच्या धर्मशास्त्रज्ञांनी विरोधात मत दिले, फ्रान्सच्या राजानेही त्यात लक्ष घातले. पोप सांगत राहिला की हे आपले वैयक्तिक मत आहे, चर्चची शिकवण नव्हे. अखेर 1334 च्या डिसेंबरमध्ये, नव्वदीच्या घरात असलेल्या या वृद्धाने मृत्यूच्या आदल्या दिवशी कार्डिनलांसमोर ते मत मागे घेतले.

त्याचा उत्तराधिकारी बारावा बेनेडिक्ट याने 1336 मध्ये अधिकृत निर्णय देऊन वाद मिटवला. ज्यांना आणखी शुद्धीची गरज नाही असे आत्मे मृत्यूनंतर तत्काळ देवाला समोरासमोर पाहतात. गंभीर पापात मेलेल्यांचे आत्मे तत्काळ नरकात जातात. आणि तरीही न्यायाच्या दिवशी सर्वजण आपापल्या शरीरासह ख्रिस्तासमोर उभे राहतील. कॅथलिक शिकवणीत न्याय दोन वेळा येतो, एकदा प्रत्येकाचा आणि एकदा सर्वांचा, याचे स्पष्टीकरण बरेचसे या निर्णयात सापडते.

आता ज्यांना शुद्धीची गरज आहे त्यांचे काय? इथे शुद्धिस्थान येते, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी आत्मे जिथे शुद्ध होतात ती अवस्था. मृतांसाठी प्रार्थना करण्याची चाल मात्र या सिद्धांताहून फार जुनी आहे. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या सैनिकांच्या पापासाठी वर्गणी गोळा करून यरुशलेमला अर्पणासाठी पाठवतो. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स हे पुस्तक शास्त्रात धरतात, प्रॉटेस्टंट धरत नाहीत. चौथ्या-पाचव्या शतकातील धर्मशास्त्रज्ञ संत ऑगस्टीन याची आई मोनिका हिने स्वतःसाठी पतीशेजारी कबरीची जागा हौसेने तयार ठेवली होती. पण 387 मध्ये ओस्टिया बंदरात मरणशय्येवर असताना तिने मुलांना सांगितले की, हे शरीर कुठेही पुरा, त्याची चिंता करू नका. एवढेच मागणे आहे की, जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. हा प्रसंग मला सिद्धांतापेक्षा बोलका वाटतो, कारण मेलेल्या माणसाशी असलेले नाते प्रार्थनेत चालू राहते या भावनेवरच पुढची इमारत उभी राहिली. तिला पक्के रूप 1274 ची लिआँची परिषद, 1439 ची फ्लॉरेन्सची आणि 1563 मधील ट्रेंटची यांनी दिले. ट्रेंटचा ठराव वाचला तर त्याचा संयम डोळ्यांत भरतो: शुद्धिस्थान आहे आणि तेथील आत्म्यांना जिवंतांच्या प्रार्थनांनी, विशेषतः मिस्सा या वेदीवरील अर्पणविधीने, साहाय्य होते, एवढेच तो सांगतो, साध्या भाविकांपुढे बिकट प्रश्नांचा काथ्याकूट करू नये अशी ताकीदही देतो. ज्वाळांची वर्णने लोकप्रिय प्रवचनांची आणि चित्रकारांची.

मार्टिन ल्यूथरने 1517 मध्ये ज्या मुक्तिपत्रांवर, म्हणजे पापाची शिक्षा माफ करणाऱ्या चर्चच्या पत्रांवर, हल्ला चढवला, त्यांचा व्यापार या श्रद्धेवरच चालत होता. प्रॉटेस्टंटांनी पुढे शुद्धिस्थानच नाकारले, कारण ख्रिस्ताने किंमत पूर्ण चुकवली असेल तर मरणानंतर फेडायचे उरते काय, असा त्यांचा प्रश्न होता. मधल्या काळाबद्दल मात्र त्यांच्यातही एकवाक्यता झाली नाही. ल्यूथर मृत्यूला वारंवार निद्रा म्हणे. दुसरा प्रॉटेस्टंट सुधारक, तरुण कॅल्व्हिन याने 1534 मध्ये आत्म्याच्या निद्रेचे खंडन करणारा ग्रंथ लिहिला. आणि 1646 च्या वेस्टमिन्स्टर मतांगीकारात आत्मे मरत नाहीत वा झोपतही नाहीत असे स्पष्ट नोंदवले गेले. एकोणिसाव्या शतकात सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्टांनी निद्रेचे मत पुन्हा उचलले. मृत माणूस पुनरुत्थानापर्यंत अचेतन असतो आणि दुष्टांचा शेवटी समूळ नाश होतो, त्यांना अनंत यातना नसतात, असे ते मानतात.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चने यातली चौकटच स्वीकारली नाही. ते तिसऱ्या, नवव्या आणि चाळिसाव्या दिवशी मृतासाठी प्रार्थना करतात, पण ती प्रार्थना नेमके काय साधते याची व्याख्या करण्याचे टाळतात. फ्लॉरेन्सच्या परिषदेत शुद्धीच्या अग्नीला कडाडून विरोध करणाऱ्या एफेससच्या बिशप मार्कने पूर्व आणि पश्चिम चर्चच्या ऐक्याच्या ठरावावर सही केली नाही.

नरकाबद्दल थोडेच बोलतो. चौथ्या शतकातील धर्मशास्त्रज्ञ निसाचा ग्रेगरी शेवटी सर्वांचे पुनःस्थापन होईल अशी आशा बाळगत होता. ऑगस्टीनने तसल्या आशेचे खंडन केले, आणि पाश्चात्त्य चर्च ऑगस्टीनच्या मागे गेले. मात्र अमुक माणूस नरकात आहे असे कॅथलिक चर्चने अधिकृतपणे कधी जाहीर केलेले नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1999 च्या उन्हाळ्यातील प्रवचनांत स्वर्ग आणि नरक यांकडे ठिकाणे म्हणून न पाहता देवाशी असलेल्या किंवा तुटलेल्या नात्याची अवस्था म्हणून पाहावे, असे समजावले.

शरीराचे महत्त्व व्यवहारात कुठे दिसते, तर अंत्यविधीत. कॅथलिक चर्चने 1886 मध्ये दहनाला मनाई केली, कारण त्या काळी युरोपात पुनरुत्थान नाकारण्याची जाहीर खूण म्हणून काही मंडळी दहनाचा पुरस्कार करत होती. ही मनाई 1963 मध्ये सैल झाली: श्रद्धा नाकारण्याचा हेतू नसेल तर दहन चालेल, कारण देह जाळल्याने त्याला उठवण्याच्या देवाच्या सामर्थ्यात काही उणे येत नाही. तरीही 2016 च्या सूचनेत पुरणे अधिक इष्ट ठरवले आहे, आणि दहन केलेच तर राख वाऱ्यावर, जमिनीवर किंवा पाण्यात विखुरू नये, साधारणपणे घरीही ठेवू नये, दफनभूमीसारख्या पवित्र जागी ठेवावी, असे सांगितले आहे. म्हणजे मेलेल्याला जिवंतांच्या प्रार्थनेत वाटा मिळत राहील, आणि ज्या देहाने उठायचे आहे त्याचे जे काही उरले आहे ते मानाने ठेवले जाईल.