ड्रॉप आर्म कसा सुटतो

नमस्कार. टेबलावर तीन वस्तू मांडल्या आहेत: जुन्या जिपेचा एक ड्रॉप आर्म, म्हणजे स्टीअरिंग बॉक्सवर बसणारा लोखंडी हात; एक टाय रॉड एंड, म्हणजे चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा; आणि फडक्यात गुंडाळलेले लोखंडाचे दोन तुकडे. फडकं थोड्या वेळाने सोडतो.

मी पंचवीस वर्षं फिटर ट्रेडच्या मुलांना शिकवलं. घरी अंगणात वडिलांनी घेतलेली सीजे-३बी जीप आहे, ती अजून चालते. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जिपा जोडायला सुरुवात केली, तिथून पुढे आलेलं हे घराणं. अमेरिकेत ३बी १९५३ ते १९६८ बनली. आपल्याकडे तो साचा त्यानंतरही बरीच वर्षं चालू राहिला. म्हणून कोकणात आणि घाटावर अजून या जिपा दिसतात. तुमच्यातल्या अनेकांना तिला रुंद टायर टाकून डोंगरात न्यायचं आहे. आणि टायर बदलले की दुसऱ्याच दिवशी कळतं, स्टीअरिंग पुरत नाही.

का पुरत नाही? या जिपेचा मूळ स्टीअरिंग बॉक्स रॉस पद्धतीचा, कॅम आणि लिव्हरचा. कॅम म्हणजे स्टीअरिंगबरोबर फिरणारा, खाच असलेला दांडा; लिव्हरवरच्या दोन पिना त्या खाचेतून सरकतात. पिना झिजल्या की स्टीअरिंग व्हील हातात चार बोटं फिरतं आणि टायर जागचा हलत नाही. बॉक्समधून ड्रॉप आर्म, त्याला ड्रॅग लिंक नावाची नळी, ती समोरच्या बेलक्रँकला, म्हणजे जोराची दिशा बदलणाऱ्या लिव्हरला, आणि बेलक्रँकपासून दोन्ही चाकांना दोन टाय रॉड. एवढ्या सांध्यांत प्रत्येकी थोडा खेळ धरला तरी तो सगळा शेवटी स्टीअरिंग व्हीलवर जमा होतो. ६.००-१६ च्या अरुंद टायरला हे भागत होतं. म्हणून लोक रिसर्क्युलेटिंग बॉलचा, म्हणजे आत पोलादी गोळ्या फिरणारा, बॉक्स घालतात, कोणी पॉवर स्टीअरिंगच करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असे बदल मनाला येईल तसे करता येत नाहीत, तेव्हा सामान घेण्याआधी आरटीओत जाऊन विचारा. नवीन बसवायचं कसं, हे बरेच जण सांगतील. माझा विषय त्याच्या आधीचा: जुनं काढायचं कसं.

घरी काम करणाऱ्याची पहिली चूक ड्रॉप आर्मजवळ होत नाही, गाडी उचलताना होते. आपल्याकडे अंगणात जांभा पडलेला असतो. जॅक लावला, चाक काढलं, खाली जांभ्याचे दोन चिरे सारले, झालं काम. जांभा भिंतीत शंभर वर्षं टिकतो. पण जिपेखाली वजन एका कोपऱ्यावर येतं, वरून तुम्ही घणाने ठोकता, आणि चिऱ्याचा कोपरा फुटतो. लोखंडी घोड्या विकत घ्या, त्या चेसीखाली लावा, मागच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके द्या. मग गाडीला खांद्याने जोरात ढकलून पाहा. हलली तर आत शिरायचं नाही.

आता हा टाय रॉड एंड हातात घ्या आणि पुढे द्या. त्याची खुंटी बघा, एका टोकाला जाड आणि दुसरीकडे निमुळती. हा टेपर बऱ्याच गाड्यांत आठास एक असतो: आठ मिलिमीटर लांबीत व्यास एक मिलिमीटर बदलतो. म्हणजे मधल्या रेषेपासून प्रत्येक बाजूला जेमतेम साडेतीन अंशांचा उतार. लोखंडाच्या फळीवर लोखंडाचा ठोकळा ठेवून फळी हळूहळू उचला. आठ अंशांपर्यंत तरी तो घसरणार नाही, सुका असेल तर त्याहून पुढेही नाही. मग साडेतीन अंशांवर बसलेली खुंटी आपणहून कशी निसटेल? नट काढला तरी ती धरूनच ठेवणार, तिला तशीच घडवली आहे. चालत्या गाडीत नट सैल झाला तरी चाक लगेच हातचं जाऊ नये, ही त्यामागची सोय. त्यात वीस पावसाळ्यांचा गंज. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो फटीत फुगून दोन्ही भागांना आणखी आवळतो. खारं वारं आणि नदीतली ये-जा असेल तर विचारायलाच नको.

हे मनात ठेवलं की खालून कांब घालून उचकटण्याचा मोह होत नाही. दोन दातांचा काटा मिळतो, पाचरीसारखा ठोकायचा. टाय रॉड एंड टाकूनच द्यायचा असेल तर तो वापरा. पण त्याने सांध्यावरचा रबरी बूट, म्हणजे ग्रीस आत धरणारी टोपी, फाटतोच, तेव्हा जो सांधा परत वापरायचा आहे तिथे तो काटा नको. माझी रीत दोन हातोड्यांची. ज्या लोखंडी कड्यात खुंटी बसली आहे, त्याच्या एका बाजूला जड घण टेकवून धरायचा आणि समोरच्या बाजूवर किलोभर वजनाच्या हातोडीने सरळ, नेमका घाव घालायचा. खुंटीच्या आट्यांवर नाही, कड्यावर. त्या घावाने कडं क्षणभर अंड्यासारखं लांबट होतं, पकड तेवढ्यापुरती सुटते आणि खुंटी खाली पडते. नट दोन आटे धरून तसाच ठेवलेला असला पाहिजे, नाहीतर रॉड तुमच्या पायावर येईल. दोन-चार घावांत काम होतं. दहा घावांत झालं नाही तर थांबा, तेल द्या, जेवून या.

तेलाबद्दल दोन शब्द. आधी तारेच्या ब्रशने आटे आणि फट उघडी करा. मातीच्या थरावर तेल ओतलं तर माती तेल पिते. गंज सोडवणारा स्प्रे असेल तर उत्तम, नसेल तर डिझेल. काम रविवारी करायचं असेल तर तेल आदल्या सोमवारपासून, रोज संध्याकाळी, वर दोन-चार हलके ठोके. ठोक्यांनी तेल आत सरकतं.

टाय रॉडच्या नळीवरचे क्लँप सोडून एंड फिरवायला जाल तेव्हा एक ध्यानात असू द्या: एका टोकाला सरळ आटा, दुसऱ्या टोकाला उलटा. नळी फिरवून टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा पुढून किंचित आत असलेला कल, जमवता यावा म्हणून तसं असतं. आमच्याकडे एका मुलाने तीन फूट पाइप लावून उलट्या आट्याचा एंड चुकीच्या दिशेने आवळत नेला आणि शेवटी नळीच पिळली. आधी दोन्ही खुंट्यांमधलं अंतर मोजून खडूने दारावर लिहून ठेवा, बाहेर आलेले आटे मोजा, मग हात लावा.

ड्रॅग लिंकचं टोक या जिपेत वेगळं असतं. नळीच्या तोंडाला आट्यांचं बूच, आत स्प्रिंग, वाट्या आणि त्यांच्यामध्ये ड्रॉप आर्मचा गोळा. बुचाला स्प्लिट पिन असते. ती बहुतेक वेळा गंजून मोडते. मोडली तर बारीक सुंबा घेऊन मागे ठोकून काढायची. मग बुचाची खाच. तिच्यात वाळलेलं ग्रीस आणि चिखल दगडासारखा बसलेला असतो, खाच खोल आहे हे दिसतसुद्धा नाही. लोक वर छिन्नी टेकवतात, ठोकतात, आणि खाचेच्या कडा मोडून जातात. मग ते बूच ड्रिलशिवाय निघत नाही. जुन्या करवतीच्या पात्याच्या टोकाने खाच तळापर्यंत कोरा. लोखंडाच्या जाड पट्टीचा एक तुकडा खाचेत घट्ट बसेल असा कानशीने घासा, दुसऱ्या बाजूला तो पान्यात धरा. अर्धा तास जातो, पण ते हत्यार आयुष्यभर पुरतं. माझं एकोणीस वर्षं जुनं आहे, आणि त्याने बूच असं सुटतं की बघत राहावं.

स्टीअरिंग व्हील याच जिपेत आधी काढावं लागतं. कॉलमचा दांडा आणि बॉक्स एकसंध आहेत, ते सगळं खालून ओढून निघतं. व्हील टेपरवर बसलेलं असतं, तेव्हा नट दोन आटे ठेवूनच पुलर, म्हणजे स्क्रूने खेचून काढायचं हत्यार, लावा. नट पूर्ण काढून छातीकडे हिसके देणाऱ्यांचे दात पडलेले मी पाहिले आहेत. नव्या गाड्यांत दांडा आणि बॉक्स यांच्यामध्ये जोड असतो, त्याचा बोल्ट नुसता सैल करून चालत नाही. अनेकदा तो बोल्ट दांड्याच्या खाचेतून आडवा गेलेला असतो. तो पूर्ण बाहेर काढल्याशिवाय जोड सरकणार नाही, आणि त्याआधी ठोकत बसलात तर आतल्या बेअरिंगवर घाव बसतात.

आता ड्रॉप आर्म, ज्याला अमेरिकन पुस्तकं पिटमन आर्म म्हणतात. सगळ्यांची खरी अडचण इथे येते. नट काढण्याआधी शाफ्टवर आणि आर्मवर पंचने एक-एक खूण करा, समोरासमोर. नट मोठा असतो, बॉक्स पाना आणि लांब पाइप घ्या, पाना तिरका होऊ देऊ नका. नट सुटला की तो परत दोन-तीन आटे लावा आणि आर्मपासून थोडी फट ठेवा. पुलर ताणला की त्यात काही टनांचा जोर साठतो. आर्म सुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो. तेव्हा नट नसेल तर पुलर आणि आर्म दोन्ही उडतात, आणि त्या वेळी तुमचा चेहरा खालीच असतो.

पुलर घडीव घ्या, ओतीव नको. ओतीवाचे पाय फाकतात. मधला स्क्रू शाफ्टच्या बरोबर मध्यावर टेकवा, आट्यांना ग्रीस लावा, हाताला जड लागेपर्यंत ताणा. मग पुन्हा तोच दोन हातोड्यांचा घाव आर्मच्या डोक्याच्या बाजूवर, जिथे तो शाफ्टभोवती आहे. शाफ्टच्या टोकावर कधीच नाही. तो घाव सरळ बॉक्सच्या आत जातो. ‘बॉक्स भंगारातच टाकायचा आहे’ असं कोणी म्हणालं तर मला वाईट वाटतं. कोणीतरी ३बी मूळ रूपात उभी करत असतो, त्याला तो बॉक्स सोन्यासारखा असतो. घावानंतर पुन्हा पाव फेरा ताणा. सुटला नाही तर पुलर तसाच ताणावर ठेवून झोपायला जा. सकाळी तो सुटून नटाला लटकलेला दिसतो, हे मी अनेकदा अनुभवलं आहे.

आच द्यायची वेळ शेवटी येते, आणि आता फडकं सोडतो. हे दोन तुकडे म्हणजे माझ्या मावसभावाच्या जिपेचा ड्रॉप आर्म. मोडलेला भाग उजेडात धरा. अर्ध्या भागावर काळपट गंज आहे, अर्धा भाग साखरेच्या खड्यासारखा चमकतो. काळा भाग म्हणजे जुनी चीर, चमकणारा भाग म्हणजे ज्या दिवशी मोडला त्या दिवशीचा. एका गॅरेजात हा आर्म सुटेना म्हणून गॅसने लाल केला, आणि लवकर गार व्हावा म्हणून वरून बादलीभर पाणी ओतलं. असं पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं की ते कडक होतं आणि काचेसारखं ठिसूळ. तेव्हाच त्याला बारीक चीर गेली. तोच आर्म त्यांनी परत बसवला. दोन महिन्यांनी शेताच्या बांधावरून उतरताना, गाडी चालण्याच्या वेगात असताना, तो तुटला आणि जीप पाणंदीत कलंडली. कोणाला लागलं नाही. त्याच आठवड्यात मावसभाऊ तीच जीप घेऊन कुंभार्ली घाट उतरून आला होता. मी हे तुकडे फेकले नाहीत, फेकणार नाही.

आच द्यायचीच असेल तर तिचं काम समजून द्या. पोलादाचा एक मीटर दर अंशाला बारा मायक्रॉन वाढतो. आर्मचं भोक तीस मिलिमीटरचं धरा आणि आर्म दीडशे अंशांनी तापवा: भोक पाच शतांश मिलिमीटरने मोठं होतं, केसाच्या जाडीहून कमी. एवढं पुरतं. पण आतला शाफ्टही तितकाच तापला तर दोघंही सारखेच फुगले, मिळालं काय? म्हणून ज्योत मोठी आणि वेळ कमी. पुलर आधीच ताणलेला, आच फक्त आर्मच्या बाहेरच्या अंगाला, रंग बदलायच्या आत थांबायचं, लगेच घाव घालायचा. बॉक्सच्या तोंडाशी रबरी सील आहे, ते या आचेत टिकेलच असं नाही. बॉक्स ठेवणार असाल तर नवं सील आणून ठेवा. स्प्रे आणि डिझेल आधी पुसून कोरडं करा. इंधनाची नळी कुठून जाते ते बोट ठेवून पाहा. शेजारी वाळूची बादली हवीच. आणि लाल झालेला आर्म परत गाडीवर लावायचा नाही, कितीही सरळ दिसत असला तरी. वाकलेला तापवून सरळ केलेलाही नाही.

बसवण्याबद्दल थोडंच. नवा बॉक्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा, निम्म्यावर आणा, पुढची चाकं सरळ ठेवा आणि मग आर्म चढवा. टेपर पुसून कोरडा, त्याला ग्रीस नको. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवा, मागे सोडून कधीच नाही. पिन दर वेळी नवीन.

माझी ३बी बाहेर शेडमध्ये घोड्यांवर चढवलेली आहे. पुलर काल संध्याकाळी सहापासून ताणून ठेवला आहे, सकाळी पाहिला तेव्हा आर्म सुटला नव्हता. चष्मे दाराजवळच्या टोपलीत आहेत, ते घातल्याशिवाय आत कोणी येऊ नये. पहिला घाव कोणी घालायचा ते तुम्ही आपसांत ठरवा, मागचा घण मी धरतो.