एसपीएफ बीज आणि बांधावरची चिंबोरी

नमस्कार. कोळंबीशेतीवरील मागील भागाखाली सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न असा: "एसपीएफ बीज (रोगजंतूमुक्त म्हणून मिळणारी कोळंबीची पिल्ले) आणले होते, तरी पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला कसा?"

रोगाची लक्षणे तुम्हाला ठाऊक आहेत. कोळंबीचे खाणे मंदावते, ती काठाला येते, कवचावर ठिपके उमटतात आणि तीन ते दहा दिवसांत तळे रिकामे होते. रोग विषाणूचा आहे आणि त्यावर औषध नाही. माणसाला या विषाणूचा धोका नाही, हेही विचारले गेले होते म्हणून सांगितले.

आता एसपीएफ. ठरावीक रोगजंतूंपासून मुक्त असलेल्या जनकसाठ्याचे, म्हणजे पिल्ले देणाऱ्या नर-माद्यांचे बीज, एवढाच त्याचा अर्थ आहे. रोगप्रतिकारक बीज ही निराळी गोष्ट असून तिला एसपीआर म्हणतात. उकळून गार केलेले पाणी गढूळ हंड्यात ओतले, तर उकळल्याचा उपयोग काय? तळ्यात सोडल्यानंतर विषाणू समोर आला, की एसपीएफ कोळंबीही इतर कोळंबीसारखीच मरते. प्रयोगशाळेचा दाखला बीज तपासले त्या दिवसापुरताच खरा असतो, हे मी तिसऱ्यांदा सांगत आहे, कारण प्रश्नही तितक्याच वेळा येतो.

"हा टायगरचा रोग आहे, व्हेनामीला होत नाही," असे एकाने ठामपणे लिहिले आहे. टायगर आणि व्हेनामी या तळ्यात वाढवल्या जाणाऱ्या कोळंबीच्या दोन जाती. १९९२च्या सुमारास तैवान व चीनमध्ये दिसलेला आणि १९९४-९५मध्ये आपल्या पूर्व किनाऱ्यावरील टायगर कोळंबीचे मोठे नुकसान करणारा हा विषाणू, २००९पासून आपल्याकडे आलेल्या व्हेनामीलाही मारतो. शेवंड, झिंगे, खेकडे यांनाही त्याची लागण होते. त्यातही चिंबोरी फसवी, कारण विषाणू अंगात बाळगूनही ती बराच काळ धडधाकट दिसते.

खाडीकाठच्या माझ्या एका मित्राने बीजाची पीसीआर (विषाणू शोधणारी) चाचणी करून घेतली, पाण्यात क्लोरीन टाकले आणि बांधावरचे जाळीचे कुंपण मात्र खर्च वाचवण्यासाठी पुढच्या हंगामावर ढकलले. शेजारच्या तळ्यातील मेलेली कोळंबी खाऊन चिंबोऱ्या रात्री बांध ओलांडून विषाणू त्याच्या तळ्यात आणत होत्या, आणि शेजारी ती मेलेली कोळंबी चुना टाकून पुरण्याऐवजी खाडीत फेकत होता.

"चिंबोरीला भाव चांगला मिळतो, म्हणून आम्ही ती तळ्यातच राहू देतो," अशीही एक प्रतिक्रिया आहे. भाव मिळतो हे मला मान्य आहे. पण ती वाढवायची असेल, तर कोळंबीपासून दूर, वेगळ्या पाण्यात वाढवा.